ऑपरेशन कोणतं, हे मधुमेहाच्या वयाला विचारा

वजन कमी करण्याचं ऑपरेशन ही विदर्भात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष, नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ते करून घेतलं. २०१४ मध्ये अर्थमंत्री अरुण जेटली यांनी मधुमेहासाठी ते करून घेतल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून अमरावतीच्या राजकमल चौकात काय किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर काय, ‘पोटाचं ऑपरेशन केलं की शुगर जाते म्हणे’ हे वाक्य सहज कानावर पडतं. वाक्य निम्मं खरं आहे, आणि उरलेला निम्मा भाग कोणतं ऑपरेशन आणि कधी, या दोन प्रश्नांत अडकलेला आहे. प्रत्यक्षात हे प्रश्न भलत्याच गोष्टींवर सुटतात: वजन किती, पॅकेज किती, मेव्हण्यानं कोणतं केलं, आणि नागपूरच्या ज्या डॉक्टरांकडे आपण गेलो त्यांचा हात कशावर बसलाय. माझं म्हणणं असं, की मधुमेह असलेल्या माणसानं ऑपरेशनचा प्रकार वजनकाट्यावर ठरवू नये. मधुमेह किती जुना आहे, शरीरात पोषणाची शिल्लक किती आहे आणि पुढची वीस वर्षं निगा राखणारं कोणी जवळपास आहे का, या तीन गोष्टींवर तो ठरावा. वऱ्हाडात तर या तिन्ही गोष्टींचं वजन इतर ठिकाणांपेक्षा जास्तच आहे.

आधी ही ऑपरेशनं काय करतात ते पाहू. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात; आतड्याला हात लागत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिथून आणि आतड्याच्या पहिल्या भागातून जात नाही. तिसरा प्रकार मिनी बायपासचा. त्यात जठराची नळी लांब ठेवून आतड्याशी एकच जोड देतात. अमेरिकन सर्जन रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये तो सुरू केला आणि भारतात तो चांगलाच रुळला. या सगळ्याचा मधुमेहाशी असलेला संबंध ठसठशीतपणे मांडला तो नॉर्थ कॅरोलिनाचे सर्जन वॉल्टर पोरीज यांनी, १९९५ मध्ये. त्यांच्या बायपास झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी बहुतेकांची साखर सामान्य झाली होती, आणि चक्रावून टाकणारी गोष्ट ही की वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत ती खाली आली होती. त्यातला काही वाटा सुरुवातीच्या उपासमारीचा असतो. पण अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, हाही वाटा मोठा आहे. स्लीव्हनंतरही असं घडतं, पण आतड्याचा मार्ग बदललेला नसल्यानं परिणामाची ताकद वेगळी असते. म्हणजे हे ऑपरेशन जितकं पोटाचं, तितकंच संप्रेरकांचं आहे. वजन हा त्याचा एक परिणाम झाला, एकमेव नव्हे.

वजनाचा आकडा आपल्याला फसवतो याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्रातच सापडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला शिडशिडीत आणि आतून चरबीचा, ही आपल्याकडच्या मधुमेहाची ओळख आहे. म्हणून तर आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार बीएमआय २७.५ पासून करावा, असं २०१६ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत म्हटलं गेलं. पुण्यात झालेल्या ८० रुग्णांच्या अभ्यासात बीएमआय २५ ते ४० असलेल्या मधुमेहींपैकी बायपास झालेल्यांत दोन वर्षांनी ६० टक्के लोक मधुमेहातून बाहेर होते. औषधं आणि जीवनशैली यांवर ठेवलेल्यांत २.५ टक्के. याउलट विम्याचा दरवाजा अजून जुन्याच उंचीवर आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या चौकटीत ऑपरेशनला संरक्षण हवं असेल तर बीएमआय ४० लागतो, किंवा मधुमेह आटोक्यात नसेल तर ३५. परिणाम असा होतो, की साखर बिघडलेली असूनही अंगानं बेताचा असलेला वऱ्हाडी माणूस ‘तुम्ही कुठे एवढे जाड?’ असं ऐकून घरी परततो, आणि दहा वर्षांनी वजन वाढून, इन्सुलिन लागून, मग पात्र ठरतो. पात्र ठरेपर्यंत ऑपरेशनचा निम्मा फायदा वाया गेलेला असतो.

आता मूळ प्रश्न: स्लीव्ह की बायपास? नॉर्वेमध्ये १०९ मधुमेही रुग्णांवर झालेल्या ओसेबर्ग अभ्यासात एका वर्षानंतर बायपासवाल्यांपैकी ७४ टक्के आणि स्लीव्हवाल्यांपैकी ४७ टक्के लोक मधुमेहमुक्त होते. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या स्टॅम्पीड अभ्यासात पाच वर्षांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६ किंवा त्याखाली ठेवू शकलेले बायपासमध्ये २९ टक्के होते, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५ टक्के. फिनलंडच्या स्लीव्हपास अभ्यासात दहा वर्षांनी मधुमेहमुक्ती स्लीव्हमध्ये २६ आणि बायपासमध्ये ३३ टक्के निघाली. अमेरिकेतल्या ९,७१० मधुमेही रुग्णांच्या नोंदी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत पाच वर्षांत एकदा तरी मधुमेहमुक्त होणाऱ्यांचं प्रमाण दोन्हींकडे जवळजवळ सारखं होतं, मात्र मधुमेह परतण्याचं प्रमाण बायपासमध्ये ३३ टक्के आणि स्लीव्हमध्ये जवळपास ४२ टक्के. हे आकडे एकत्र वाचले तर चित्र असं दिसतं: साखरेच्या बाबतीत बायपास उजवा आहे, त्याचा परिणाम टिकतोही थोडा जास्त, पण ही आघाडी सर्वांसाठी सारखी नाही. ती कोणासाठी मोठी आणि कोणासाठी शून्य, हे कळलं तर निवड आपोआप सोपी होते.

ते कळायला मार्ग आहे. क्लीव्हलंड क्लिनिकच्या अली अमिनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चार गोष्टींवर बेतलेलं एक गुणांकन मांडलं: मधुमेह किती वर्षांचा, ऑपरेशनपूर्वी गोळ्या किती प्रकारच्या, इन्सुलिन आहे की नाही, आणि एचबीए१सी ७ च्या आत आहे की नाही. यात वजन कुठेही नाही, हे लक्षात घ्यावं. सौम्य मधुमेहाच्या गटात बायपासनं ९२ टक्के आणि स्लीव्हनं ७४ टक्के लोक दीर्घकाळ मधुमेहमुक्त राहिले. मधल्या गटात बायपासनं ६० टक्के, तर स्लीव्हनं फक्त २५. आणि जुन्या, तीव्र मधुमेहाच्या गटात दोन्हींचा आकडा एकच, १२ टक्के. कारण उघड आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षांच्या ताणानं संपत जातात. त्या उरल्याच नसतील तर आतड्यातून कितीही संप्रेरकं सुटोत, त्यांची हाक ऐकायला कोणी नसतं. म्हणून ज्याला पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह आहे, दिवसाला तीन-चार इंजेक्शनं लागतात, त्यानं शुगर जाईल या आशेवर बायपासची जास्तीची जोखीम घेण्यात अर्थ नाही. वजन, रक्तदाब, घोरणं, गुडघे यांसाठी त्याला स्लीव्ह पुरेसं आहे. सौम्य गटात दोन्ही चालतात, तिथे बाकीच्या गोष्टींचा कौल घ्यावा. खरी निवड मधल्या गटाची आहे: पाच-दहा वर्षांचा मधुमेह, दोन-तीन प्रकारच्या गोळ्या, साखर हट्टानं वर राहणारी. या माणसाला नुसतं ‘सोपं ऑपरेशन’ म्हणून स्लीव्ह देणं म्हणजे त्याच्या हातची सर्वांत मोठी संधी निम्म्याहून कमी करणं होय. तेव्हा सर्जनला पहिला प्रश्न ‘माझं किती किलो उतरेल’ हा नको. सी-पेप्टाइड तपासलं का, म्हणजे स्वादुपिंडात जीव किती उरलाय, हा हवा. अंगानं बारीक रुग्णाच्या बाबतीत तर मधुमेह टाइप १ च्या जातीचा नाही ना, हेही आधी तपासून घ्यावं लागतं.

पण साखरेचा हिशेब हा एकच हिशेब नाही. बायपास जे देतो त्याचं मोल पोषणात मोजून घेतो. आतड्याचा पहिला भाग वगळला की लोह आणि कॅल्शियम कमी शोषलं जातं, आणि जठराचा मोठा भाग वगळला की बी-१२. महाराष्ट्रात हे खातं आधीच तोट्यात आहे. याज्ञिकांच्याच पुण्यातल्या अभ्यासात मध्यमवर्गीय शहरी पुरुषांमध्ये बी-१२ ची कमतरता सर्रास आढळली. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी ते आणखी खाली आणते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्रथिनांचं गणित तर ताटातच मांडून दाखवता येतं. ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत अशी अपेक्षा असते. अकोला डाळ मिलचं शहर, तूर आपल्या घरची. पण २५-३० ग्रॅम डाळीच्या वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅमच प्रथिनं मिळतात. भाकरीबरोबर चार वाट्या ओरपणाऱ्या माणसाचं यात निभतं. ज्याच्या पोटात एका वेळी अर्धी वाटीही मावत नाही अशा माळकरी माणसाचं निभत नाही. त्याला दूध, दही, पनीर आणि प्रथिनांची पावडर यांचा हिशेब रोज लिहून ठेवावा लागतो. मिनी बायपासमध्ये वगळलेलं आतडं जितकं लांब तितका हा धोका मोठा. फ्रान्समधल्या योमेगा अभ्यासात वजन उतरण्याच्या बाबतीत मिनी बायपास नेहमीच्या बायपासच्या तोडीचा ठरला, पण पोषणाच्या गंभीर तक्रारी त्यातच दिसल्या. तेव्हा शाकाहारी, रक्त कमी असलेल्या बाईला मिनी बायपास सुचवला जात असेल तर आतडं किती सेंटिमीटर वगळणार, हे तिनं स्पष्ट विचारावं.

काही गोष्टी खास वऱ्हाडच्या आहेत आणि परदेशी अभ्यासांत त्या सापडणार नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा ही त्यातली पहिली गोष्ट. बायपासमध्ये जिथे आतडं जोडलेलं असतं तिथे व्रण होण्याचा धोका असतो आणि तंबाखूचं धूम्रपान तो वाढवतं. खर्रा घोटणाऱ्यानंही त्यातून सुटका गृहीत धरू नये. दुसरी गोष्ट गुडघ्याच्या गोळीची. शेतात वाकून काम करणारी माणसं दुखलं की मेडिकलमधून वेदनाशामक आणून घेतात, आणि त्याच गोळ्या बायपासनंतर जोडावर व्रण पाडतात. ज्याला खर्रा सुटणार नाही किंवा त्या गोळ्यांवाचून निभणार नाही, त्याच्यासाठी बायपासचा साखरेतला फायदा या व्रणात वाहून जाऊ शकतो. तिसरी गोष्ट पूर्णेच्या खारपाणपट्ट्याची. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात भूजल खारं आहे आणि किडनीच्या आजाराची धास्ती गावोगाव आहे. बायपासनंतर लघवीतलं ऑक्झलेट वाढतं आणि मुतखड्याचा धोका वाढतो. त्यातच मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या अकोल्यात, घोट घोटच पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाचं शरीर लवकर कोरडं पडतं. ज्याला आधीच खडे होतात किंवा ज्याचं क्रिएटिनिन चढलेलं आहे, त्याच्या बाबतीत तराजू स्लीव्हकडे झुकायला हरकत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. स्लीव्हनंतर आम्लपित्त उसळतं. फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना आणि बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना होता. ज्याची छाती आधीच रोज जळते, त्याची एंडोस्कोपी न करता त्याला स्लीव्ह देणं म्हणजे एक आजार काढून दुसरा पदरात टाकणं.

तिसरा मुद्दा निगेचा. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. ऑपरेशनसाठी माणूस एकदा जातो. तपासण्यांसाठी आयुष्यभर जावं लागतं, आणि तिथेच साखळी तुटते. बायपासनंतर पहिल्याच आठवड्यात इन्सुलिन आणि काही गोळ्या झपाट्यानं कमी कराव्या लागतात, नाही तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. जुनी चिठ्ठी तशीच चालू ठेवणारा गावचा डॉक्टर नकळत घात करू शकतो. पुढे दरवर्षी हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, प्रथिनं बघावी लागतात. यावर एक आक्षेप मला न्याय्य वाटतो: म्हणजे काय, तालुक्याच्या माणसाला कमी प्रभावी ऑपरेशन आणि नागपूर-मुंबईच्या माणसाला चांगलं? रोगानं ठरवायची गोष्ट बसच्या फेऱ्यांनी ठरवायची का? उत्तर असं, की निगा नसताना केलेला बायपास हा चांगलं ऑपरेशन राहतच नाही. पाच वर्षांनी पायाला मुंग्या येणारा आणि रक्त सात ग्रॅमवर आलेला रुग्ण साखरेच्या आकड्यावर समाधान मानू शकत नाही. पण म्हणून ही विषमता स्वीकारायची असंही नाही. या तपासण्यांना मोठं तंत्रज्ञान लागत नाही. रक्ताचा नमुना आणि तो वाचू शकणारा फिजिशियन लागतो. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी आठवड्यातून एक दिवस ऑपरेशन झालेल्या रुग्णांसाठी राखला, तर नागपुरातल्या सर्जनचं काम इथला फिजिशियन पुढे नेऊ शकतो. तसं झालं तर अंतराच्या भीतीनं स्लीव्ह घेणाऱ्या मधल्या गटातल्या रुग्णाला त्याच्या मधुमेहाला साजेसं ऑपरेशन घेता येईल.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रात घरोघरी भेटतो: डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदा जेवून मधुमेह घालवता येतो म्हटलंय, मग चिरफाड कशाला? या आक्षेपात दम आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात नुसत्या कडक आहारानं एका वर्षात ४६ टक्के आणि दोन वर्षांनी ३६ टक्के लोक मधुमेहमुक्त होते. ज्यांनी १५ किलोहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यात पहिल्या वर्षाचा आकडा ८६ टक्के होता. पण त्या अभ्यासात सहा वर्षांपर्यंतचाच मधुमेह असलेले आणि इन्सुलिन न लागणारे लोक घेतले होते. म्हणजे इथेही मधुमेहाचं वयच बोलतं आहे. नवा मधुमेह असलेल्यानं आहाराचा मार्ग आधी मनापासून चालून बघावा, आणि त्याचा निकाल वर्षभरात घ्यावा. दहा वर्षं ‘बघू’ म्हणत बसू नये. तिसरा आक्षेप वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा. मुंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आलं, आणि वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्यानं स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली. ही औषधं पुष्कळांचं ऑपरेशन टाळतील, आणि टाळावंही. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं, हे अभ्यासात दिसलेलं आहे. वर्षानुवर्षं दर आठवड्याला टोचून घेण्याची आर्थिक आणि मानसिक तयारी असेल तर हा पर्याय खरा. कापसाच्या भावावर घरखर्च ठरणाऱ्या कुटुंबात तो मध्येच तुटण्याची शक्यता जास्त.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: मधुमेह परततोच, मग एवढा उपद्व्याप कशाला? अमेरिकेतल्या चार अभ्यासांचे निकाल २०२४ मध्ये एकत्र मांडले गेले तेव्हा बारा वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी १२.७ टक्केच पूर्ण मधुमेहमुक्त उरले होते. हा आकडा जाहिरातीत कधी दिसणार नाही, आणि तो रुग्णाला ऑपरेशनआधीच सांगितला गेला पाहिजे. पण औषधांवरच राहिलेल्यांत तो आकडा शून्य होता, हेही त्याच ओळीत आहे. शिवाय मधुमेहमुक्ती हे साध्य नाही. डोळे, किडनी, पाय आणि हृदय वाचवणं हे साध्य आहे. स्वीडनच्या दीर्घ अभ्यासात पंधरा वर्षांनी मधुमेहमुक्ती ७२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर घसरली, तरी डोळे, किडनी आणि नसांच्या गुंतागुंतीचं प्रमाण ऑपरेशन झालेल्यांत निम्म्यावर आलं होतं. साखर चांगली राहिलेली दहा वर्षं शरीराच्या खात्यात जमा होतात. मधुमेह परतला म्हणून ती पुसली जात नाहीत. जोखमीचं म्हणाल तर अनुभवी हातांत या ऑपरेशनांचा मृत्युदर पित्ताशय काढण्याच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास आहे.

यातून रुग्णासाठी निघणारं काम साधं आहे. नागपूरला जाण्याआधी हातात चार कागद असावेत: मधुमेह कोणत्या वर्षी निघाला आणि गोळ्या कशा वाढत गेल्या याची नोंद, सी-पेप्टाइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनसह किडनीचा रिपोर्ट, आणि छातीत जळत असेल तर एंडोस्कोपी. ते बघून स्लीव्ह किंवा बायपास यांतलं एक का आणि दुसरं का नाही, हे जो डॉक्टर सांगू शकतो त्याच्याकडे ऑपरेशन करावं. जो प्रत्येकाला एकच ऑपरेशन सांगतो त्याच्याकडून उठून दुसरं मत घ्यावं. आणि सर्वांत महत्त्वाचं, हा विचार मधुमेहाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी करावा, विसाव्या नव्हे. विसाव्या वर्षी प्रकाराची निवड उरलेली नसते. तोवर ती आजारानंच करून टाकलेली असते.